चाळिसावं पान

हंड्यावरचं पितळी झाकण वाजलं. एकदाच, कुणी पाणी घेऊन ते बेतानं परत ठेवावं तसं.

दिवेलागण होत आली होती. चुलीपुढची चंद्रभागा मागे वळली. सासू ठकूबाई ओटीवर वाल निवडत होती. तीन वर्षांची शकू उंबऱ्यापाशी खड्यांशी खेळत होती. हंड्याजवळ कुणी नव्हतं. मांजर असेल, म्हणून तिनं भाकरी उलटली.

घरात मांजर नाही, हे तिला भाकरी फुगल्यावर आठवलं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कशेडीच्या उतारावर सहा घरांची ही वाडी. तिचा नवरा सहदेव आधी मुंबईच्या गोदीत होता. शकूला बाप वर्षातून आठ दिवसांचाच. एकतीस सालचा दसरा झाला आणि तो करारावर थेट मोंबाश्याला गेला, तिकडच्या रेल्वेच्या कामाला. जाण्याआधी त्यानं तिकडच्या बोलीची चोपडी घेतली. एक नाही, दोन. परमुलखात वाट कशी विचारायची, पाणी कसं मागायचं, पोस्ट कुठे, डॉक्टर कुठे. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, खाली मराठी. अशी चाळीस पानं. चंद्रभागा माहेरी, नाते गावच्या शाळेत चार बुकं शिकलेली. दोघांनी ठरवलं, रोज दिवा लावला की एक पान. तिकडे तो प्रश्न वाचील, इकडे ती उत्तर. चाळीस झाली की पुन्हा पहिलं.

पहिलं पान निघायच्या आदल्या संध्याकाळी समोरासमोर बसून वाचलं.

“न्जिया इको वापी?” सहदेवनं विचारलं. रस्ता कुठे आहे?

“निफुआते,” तिनं बोट ठेवून वाचलं आणि खालचं मराठी पाहून पदर तोंडाला लावला. माझ्या मागून या.

“अगो, नवरा बायकोच्या मागनं? म्हाडच्या बाजारात हसतील मला!”

“हसूंदेत. वाट चुकन्यापरीस बरा.”

दासगावच्या बंदरात लाँचीत चढताना तो ‘येतो’ म्हणाला. घर सोडताना ‘जातो’ कुणी म्हणत नाही.

चाळिसाव्या दिवशी तिनं शेवटचं पान उघडलं. ‘निरोप घेताना.’ डावीकडे: नाओंबा रुहुसा. मला जायची परवानगी द्या. उजवीकडे: नेंदा सालामा. सुखरूप जा.

समुद्रापलीकडच्या नवऱ्याला, तिन्हीसांजेला, दिव्यापुढे ‘जा’ म्हणायचं? तिची जीभ उचलेना. तिनं ताटातलं शीत घेतलं, पान मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलं आणि चोपडी मिटली. दुसऱ्या दिवशी पहिलं पान घेतलं.

पौषात त्याचं पत्र आलं. खुशाली, शकूला पापा, आणि शेवटी: “चाळिसाव्या पानावर तू गप्प बसलीस असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी परत तेच वाचलं. तुझं उत्तर येईस्तोवर मी पुढं जायचा नाय.”

थट्टाच होती. तिनं ती दोनदा वाचली.

त्यानंतर पत्र आलं नाही.

माघात शेजारचा भिकू मुंबईहून आला. ओटीवर टेकला, पण पान खाल्लं नाही. “रेल्वेच्या आफिसात चार खेपा मारल्या, वयनी. साब बोलतो, सहदेव कामावर नाय. कागद येल.”

“बोटीतनं कागद येतात,” ठकूबाई म्हणाली, “मानसा येत नायत काय रे?”

भिकूनं टोपी उचलली आणि तो उठला.

झाकण वाजायला लागलं ते त्याच आठवड्यात. रोज, दिव्याच्या वेळेला. झाकणावर उपडं ठेवलेलं फुलपात्र तिला ओलं सापडायचं. एकदा तिनं त्यातला तळाचा घोट जिभेवर घेतला. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी. सहा घरं तेच पितात. ते खारट होतं.

तिनं हंडा ओतून दिला, घासला, नव्यानं भरला. सासूला सांगितलं नाही.

“आये, पानी दे,” दुसऱ्या दिवशी शकू म्हणाली.

“घे की, बाय.”

“मना नको. तो मागतो.”

“कोन गो?”

शकूनं उंबऱ्याकडे पाहिलं. “भिजलाय,” ती म्हणाली. मग स्वतःचे दंड चोळत, अगदी सरळ उच्चारात, “नाताका माजी. बारिदी.”

मला पाणी पाहिजे. थंडी वाजते.

पोरीनं ऐकून उचललं असेल, असं चंद्रभागेनं मनाला सांगितलं. तवा उतरवला, पोरीला भरवलं, अंथरूण घातलं. पाठ टेकली आणि ध्यानात आलं. ती स्वतः फक्त उजवी बाजू वाचत होती. पहिलं पान सोडलं तर डाव्या बाजूचा एक शब्द या घरात कधी उच्चारला गेला नव्हता.

पुढच्या संध्याकाळी झाकण वाजलं नाही.

तिनं दिवा लावला, फळीवरची चोपडी काढली. ती आपणहून शेवटच्या पानावर उघडली; चिकटवलेलं पान सुटलं होतं. पुठ्ठ्यावर तिचं शीत होतं. तीन महिन्यांपूर्वीचं, आत्ता ताटातून उचलावं तसं मऊ.

“नाओंबा रुहुसा,” शकू म्हणाली. तिचं तोंड उंबऱ्याकडे होतं.

चंद्रभागेनं पानावर तळहात ठेवला.

“नाओंबा रुहुसा.”

ठकूबाई ओटीवरून आत आली. उंबरा ओलांडताना ती अंग चोरून, एका बाजूनं आली. कुणाला धक्का लागू नये तशी.

“चंद्रे,” ती हळू म्हणाली, “किती दीस ताटकळवशील त्याला?”

“आत्ये, तो येनार हाय. तीन वर्साचा करार हाय.”

“लेक माझा हाय गो.” म्हातारीनं चोपडीकडे बोट केलं. “मना वाचता येत नाय. नायतर मीच दिला असता निरोप.”

चंद्रभागेनं पानावर बोट ठेवलं. अक्षरं हलत होती. तिनं डोळे पुसले. तरी हलत होती.

“नेंदा,” ती म्हणाली.

तिनं बोट पुढच्या शब्दावर सरकवलं.

“नेंदा सालामा.”

काही झालं नाही. ज्योत सरळ होती. झाकण गप्प होतं. ठकूबाई भिंतीला धरून खाली बसली.

शकू अजून उंबऱ्याकडेच बघत होती. कुणी खाली वाकून कानाशी बोलावं, तशी तिची मान कलली.

“न्जिया इको वापी?” ती म्हणाली.

या प्रश्नाला साऱ्या चोपडीत एकच उत्तर होतं: माझ्या मागून या. ते चंद्रभागेच्या ओठांपर्यंत आलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

शकू वळली.

“आये, रस्ता कंचा म्हून इचारतो तो. काय सांगू?”