रिकाम्या भांड्याची नोट

पगाराची पेटी उघडली आणि आत एकही नोट नाही! फौजदार ब्रेमरला नगरपालिकेत तातडीनं बोलावणं आलं.

सरकारी नोटा पुरेनात, म्हणून १९२३ साली जर्मनीत गावोगावच्या नगरपालिका स्वतःच्या नोटा छापत होत्या. दुपारी बाराला डॉलरचा नवा भाव लागे आणि पाव दुपटीनं महागे. गिरणीचा पगारही याच नोटांत व्हायचा होता; फाटकाशी बायका वाट बघत ताटकळल्या होत्या.

"चोर हाच!" नगरसेवक क्वांटनी चित्रकार लीजेगांगकडे बोट दाखवलं. "काल पेटीच्या खोलीत शेवटी हाच होता."

क्वांट औषधवाले. पगाराच्या पेटीची एक किल्ली त्यांच्याकडे असे. दुकानात खोकल्याच्या औषधाशेजारी नोटा जमवणाऱ्या परदेशी शौकिनांसाठी गावोगावच्या नोटाही मांडलेल्या.

गावाच्या नोटा लीजेगांगनंच छापल्या होत्या. शेजारच्या वाल्बुर्गाला समोर बसवून त्यानं नोटेवर रिकामं भांडं घेतलेली बाई काढली होती.

"नगरपालिकेचा शिक्का कुठाय?" ब्रेमरनं विचारलं.

"महापौरांच्या खिशात. आज सकाळी मारायचा होता," लीजेगांग म्हणाला.

"बिनशिक्क्याची नोट चालते?"

"छे! बेकरीवाला तोंडावर फेकेल."

"आणि छपाईचा ठसा?"

"माझ्याकडेच."

ब्रेमर क्वांटना घेऊन तडक त्यांच्या दुकानात शिरला. औषधी पानं दाबायचा चाप त्यानं उघडला. टीपकागदांच्या मध्ये नोटा होत्या, कोऱ्या करकरीत.

"लीजेगांगला नोटा हव्या असत्या तर त्यानं आणखी छापल्या असत्या," ब्रेमर म्हणाला. "कुलूप फुटलेलं नाही, म्हणजे किल्लीवाला. आणि जिला पाव मिळत नाही ती नोट कुणाला हवी? खर्चणाऱ्याला नाही, विकणाऱ्याला. शिक्क्यानं चित्र बिघडण्याआधीच हात मारलात, क्वांटसाहेब."

"मग काय बिघडलं?" क्वांट खेकसले. "संध्याकाळी त्यांची रद्दीच होणार होती! डच माणूस एकेका नोटेला त्यांचं गिल्डर नाणं देतो, महिनाभराचा पाव येतो त्यात. भूक फार खपते हो तिकडे."

ब्रेमरनं शिक्का मागवला आणि तिथंच नोटांवर मारायला लावला.

"अहो, चेहऱ्यावर नको! कोपऱ्यात मारा!" हातात बेड्या पडत असताना क्वांट कळवळले.

पगार आणि चोरीची हकीकत फाटकाशी पोचली तेव्हा बाराचे टोले पडून गेले होते. तिथं ताटकळलेल्या वाल्बुर्गानं नोट निरखली.

"अगं बाई, मीच की ही! सकाळी अख्खा पाव आला असता, आता अर्धा. आणि फौजदारसाहेब, तो मेला क्वांट मला केवढ्याला विकत होता हो?"

ब्रेमरला आकडा ठाऊक होता. तो सांगायची त्याला लाज वाटली.