समुद्राखालून जाणारा रिकामा टेम्पो

हर्णैहून मॉरिशसला पोचायला प्रकाशाला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही, मग त्याचं भाडं एवढं कसं? हे कोडं जुईलीला काही केल्या सुटत नव्हतं.

दर शनिवारी तिचा आठवीचा वर्ग पडद्यावरून मॉरिशसच्या एका मराठी शिकवणाऱ्या शाळेशी बोलायचा. दोन्ही किनाऱ्यांवर किती जेलीफिश दिसले, हे जुईली आणि तिकडची अनुष्का मिळून मोजायच्या. आणि काल मुख्याध्यापक तांबडे सरांनी सांगून टाकलं, की येता शनिवार शेवटचा. समुद्राखालच्या तारेचं भाडं शाळेला झेपत नाही.

ओहोटीच्या वेळी ती वाळू तुडवत निघाली, तर समोर पाण्यातून कुर्ली वर आली. कुर्ली म्हणजे समुद्रतळावरच्या तारेची देखभाल करणारा आठ पायांचा रोबो. पायांना चिकटलेले शिंपले खरवडून घ्यायला ती जुईलीकडेच यायची.

शिंपले काढता काढता जुईलीनं सगळा राग तिच्यावर काढला. तुझी तार सोन्याची आहे का, असंही विचारून झालं.

“काचेची आहे,” कुर्ली शांतपणे म्हणाली. “प्रकाशतंतू (केसाएवढा बारीक काचेचा धागा, ज्यातून प्रकाशाच्या रूपात माहिती धावते). पण तो हजारो किलोमीटर अंथरायला खर्च येतो. जो जेवढी जागा अडवतो, तेवढं भाडं. तुमच्या शाळेनं राखीव मार्ग घेतलाय. त्यातली अठ्ठ्याण्णव टक्के जागा मोकळीच असते. मी रोज बघते ना.”

जुईलीचा हात थांबला. बाबा होडीतून उतरले की त्यांची सुरमईची दोन खोकी पुण्याला जायची, पण त्यासाठी अख्खा टेम्पो कुणी करत नसे. दहा होड्यांची खोकी एकाच टेम्पोत. प्रत्येकावर नाव, आणि पुण्यात ज्याचं त्याला.

“आम्ही रिकामा टेम्पो पळवतोय होय गं?”

कुर्लीनं दोन पाय हलवले. ते तिचं हसणं. मग तिनं समजावलं. बोलण्याचे, चित्राचे बारीक तुकडे करायचे. असा तुकडा म्हणजे पॅकेट (माहितीचं छोटं खोकं). त्यावर कुणाकडून, कुणाकडे आणि कितवा, हे लिहायचं. मग हजारो लोकांची पॅकेटं एकाच मार्गानं जातात, भाडं सगळ्यांत वाटलं जातं. पुढची-मागची झाली तरी पलीकडचा संगणक क्रमांक बघून ती पुन्हा जुळवतो.

“गर्दी झाली तर?”

“थोडं थांबावं लागतं,” कुर्ली म्हणाली. खोटं बोलणं तिला जमतच नाही.

सरांना हे पटवायला अख्खी मधली सुट्टी गेली. आपल्या मुलांच्या बोलण्यात कुणाचा अडथळा नको, म्हणून त्यांनीच अर्जात राखीव मार्ग मागितला होता.

“चित्र मध्येच थांबलं म्हणजे?” ते म्हणाले.

“थांबेल, सर. कायमचं बंद पडण्यापेक्षा बरं ना?”

सरांनी चष्मा पुसला आणि सगळ्यांबरोबरच्या मार्गासाठी नवा अर्ज काढला.

शनिवारी जेलीफिशचा आकडा सांगता सांगता अनुष्काचा चेहरा पडद्यावर थिजला, तोंड उघडंच. वर्ग फिदीफिदी हसला. सर कावरेबावरे झाले. जुईली मात्र निवांत होती. आत्ता कुणाचं तरी खोकं पुढे जात असेल. एखाद्या आजीचा निरोप, एखाद्या डॉक्टरचा अहवाल. जाऊ दे की.

“...सतरा,” अनुष्काचं तोंड मिटलं. “तुझे?”

“बावीस,” जुईली म्हणाली, आणि सरांकडे वळली. “सर, टेम्पोचं भाडं आता सगळ्यांत वाटलं जातंय. मादागास्करच्या एखाद्या शाळेला विचारू या?”