दुसऱ्याच्या मापाचे मोजे

दाराची घंटा वाजली तेव्हा मी शिडीवर होते आणि माझ्या दातांत टाचण्या होत्या. अशा अवस्थेत माणसानं कुणाच्या प्रेमात पडू नये. पण तेव्हा हे सांगायला कुणी नव्हतं.

बाहेर आमच्या ओबन बंदरातला नेहमीचा स्कॉटिश पाऊस — आडवा, खारट, छत्रीला न जुमानणारा. तो दारात निथळत उभा. फेरीबोटीवरच्या लोकांचं पिवळं जाकीट, ओले तांबूस केस, आणि पापण्या… पापण्यांबद्दल मी काही बोलणार नाही.

"किल्टवर घालायला मोजे हवेत," तो म्हणाला. "चांगले. पण… परवडतील असे."

मी टाचण्या काढल्या. "चांगले म्हणजे केवढ्यापर्यंत चांगले?"

"पंचवीस पौंडांपर्यंत चांगले."

"आणि तीसचे?"

"ते वाईट. फार वाईट असतात," तो म्हणाला, आणि हसला.

आतल्या खोलीत जेसीआत्याचं शिवणयंत्र थांबलं. दुकान तिचं, यंत्र तिचं, आणि गावातल्या कुठल्याही तरुणाच्या हसण्यावर पहिला कान तिचा.

मी काउंटरवर मोजे मांडू लागले. मोज्यांवर बोलायला लागले की मला थांबवणं कठीण. "हे अ‍ॅक्रिलिकचे. स्वस्त आहेत, पण दोनदा धुतले की गोळे धरतात. ही नुसती लोकर — मऊ आहे, पण टाच लवकर विरते. तुम्ही हे बघा. लोकरीत थोडं नायलॉन आहे, वीण दोन सुलट दोन उलट. पायाला धरून राहतात. वरची दुमडही भरपूर, म्हणजे आतली इलॅस्टिकची पट्टी झाकते."

"आणि हे पांढरे?"

"लग्नाला जायचंय ना? मग पांढरे नकोत, ते वेटर घालतात. लोक तुमच्याकडे सूप मागतील."

तो एवढा खळखळून हसला की मला वाटलं, आज दुकान लवकर बंद करावं आणि याला… तेवढ्यात त्यानं खिशातून एक मोजा काढला. हातानं विणलेला, शेवाळी हिरवा, बाजूनं वेणीची वीण चढत गेलेली.

"असे हवेत. अगदी असेच. याच्या जोडीदाराची टाच आमच्या कप्तानाच्या कुत्र्यानं खाल्ली."

"सुरेख आहे," मी म्हणाले. होताच. "कुणी विणला?"

"मोरागनं."

कोण मोराग, हे मी विचारायला नको होतं. विचारलं.

"तिचंच लग्न आहे. रूरीशी. रूरी माझा लहानपणापासूनचा मित्र, म्हणून मी करवला." तो मोज्यावरून अंगठा फिरवत राहिला. "त्याआधी ती… माझी होती. दोन वर्षं."

झालं! माझा तिळपापड झाला. त्याचं नावसुद्धा मला अजून ठाऊक नव्हतं, आणि मी जळायला लागले होते. इतर बायकांना हाडामांसाची सवत असते. मला मिळाली ती लोकरीची.

माझ्या मनात काय काय आलं, ते सांगायची सोय नाही. वाटलं, याला तो पोपटी अ‍ॅक्रिलिकचा जोड द्यावा, म्हणजे मोराग दुसऱ्यांदा याच्याकडे बघायची नाही. पण दुकानाची अब्रू? मग वाटलं, असे मोजे द्यावेत की ती पस्तावली पाहिजे. पण पस्तावून परत आली तर? एकीकडे आड, एकीकडे विहीर, आणि मधे हा पोटऱ्या घेऊन उभा.

"माप घ्यावं लागेल," मी तुटकपणे म्हणाले.

तो स्टुलावर बसला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मी खाली बसून टेप गुंडाळली. माझी बोटं गार होती, तो किंचित दचकला.

"माफ करा."

"नाही… चालेल," तो म्हणाला. "इनिस. माझं नाव."

"उना."

मग मी मोरागचा मोजा मांडीवर पसरून मापला. दोन बोटं जास्त. पुन्हा मापला. तेवढाच. आता, जिला इतकी नेटकी वेणी घालता येते ती पोटरी दोन बोटांनी चुकत नाही. हातानं विणणाऱ्या बायका नंबर बघून विणत नाहीत. एक पाय डोळ्यांसमोर ठेवून विणतात. हा पाय कुणाचा, ते मला कळलं. मागच्याच आठवड्यात मी तो याच स्टुलावर मापला होता. शिंटी, म्हणजे आमच्याकडची हॉकी, खेळून खेळून ओंडक्यासारख्या झालेल्या पोटऱ्या गावात एकाच माणसाच्या आहेत.

गप्प बसायचं होतं. मी गप्प बसले नाही.

"हे तुमच्यासाठी विणलेलेच नाहीत," मी म्हणाले. "हे रूरीच्या मापाचे आहेत. पहिल्यापासून."

माझा आवाज मलाच आवडला नाही. त्यात आनंद होता.

इनिस स्टुलावरून उठला. पँट खाली केली, मोजा घडी करून खिशात ठेवला. "बरं," एवढंच म्हणाला आणि पावसात निघून गेला. नवे मोजे काउंटरवरच राहिले.

आत्या दारात येऊन उभी होती. "मोजे विकायला बसवलंय तुला. माणूस उघडा पाडायला नाही."

"मी खरं तेच सांगितलं."

"सांगितलंस गं. पण नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणून सांगितलंस."

मला रडू आलं, कारण ते बरोबर होतं.

त्यानंतर फेरीचा भोंगा झाला की माझं लक्ष दाराकडे. मल बेटावर जाणारी बोट सुटायची, परत लागायची, आणि दुकानात यायच्या त्या टोप्या शोधणाऱ्या म्हाताऱ्या. ते मोजे मी कपाटात मागे लपवून ठेवले होते. एका गिऱ्हाइकानं ते बघायला मागितले, तर मी सरळ म्हणाले, "विकले गेलेत."

लग्न तोंडावर आलं आणि एका दुपारी तो आला. कोरडा. ऊन पडलं होतं.

"मला माहीत होतं," आल्या आल्या तो म्हणाला.

"काय?"

"ते माझे नव्हते हे. पहिल्याच दिवशी घोट्यावर येऊन पडले. तेव्हा त्यांचं भांडण झालं होतं, रूरीचं आणि तिचं. त्याच्यासाठी विणलेले मला दिले तिनं. दोन हिवाळे वर ओढत राहिलो."

"मग… तसेच नवे कशाला हवे होते?"

तो काउंटरकडे बघत राहिला. "तिनं बघावं म्हणून. की मला काही झालेलं नाही. मूर्खपणा."

"मी तसं बोलायला नको होतं."

"नको होतं," तो म्हणाला. "पण कुणीतरी बोलायला हवं होतं." मग मान वर करून, एकदम, "आता तू दे ते घेतो."

'तू' म्हणाला. आतलं यंत्र पुन्हा थांबलं.

मी हिरव्याला हात लावला नाही. कपाटात मागे लपवलेला, खाडीवर ढग उतरतात तेव्हाच्या राखी निळ्या रंगाचा जोड काढला. लोकरीचे, टाचेला दुहेरी वीण, त्याच्याच मापाचे. "बावीस पौंड."

"म्हणजे तीन उरले. तेवढ्यात दोघांचा चहा होईल?"

"होईल. केक नाही होणार."

"केक लग्नात खाऊ," तो म्हणाला. "येशील ना माझ्याबरोबर?"

"तिथं मोराग असेल."

"नवरी आहे ती, उना. असणारच."

मोराग वाईट असती तर किती बरं झालं असतं! ती सुंदर होती आणि वर चांगलीही होती. मला मिठी मारली, आत्याची विचारपूस केली. जेवणं झाली, अ‍ॅकॉर्डियनवाले घामाघूम झाले, मग ती आमच्याकडे येऊन इनिसच्या पायांकडे बघत म्हणाली, "अगं बाई, काय छान बसलेत मोजे! कुणी विणून दिले?"

"दुकानातले आहेत," तो म्हणाला. "पण माझ्या मापाचे आहेत."

मोरागचा चेहरा लाल झाला. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. "बरं झालं, इनिस. खरंच बरं झालं." हात तिथंच राहिला. मी त्या हाताकडे बघत होते. कुणाचा हात किती वेळ कुठं असावा याला काही मर्यादा असते.

रूरीनं तिला नाचायला ओढून नेलं, तेव्हा कुठं मला श्वास आला. इनिस समोरच्या भिंतीशी जाऊन आत्याशी बोलत राहिला. तेवढ्यात शेवटच्या वॉल्ट्झची हाक आली. आमच्याकडे बाकीचे नाच कुणाहीबरोबर करावेत, शेवटचा वॉल्ट्झ मात्र ज्याच्याबरोबर घरी जायचं त्याच्याचबरोबर. सकाळी गावभर होतं. आणि मोरागची धाकटी बहीण कर्स्टी, केस सावरत, हसत, सरळ इनिसच्या दिशेनं निघाली.

मी हातातली बटाट्या-मटणाची बशी शेजारच्या पाद्रीबाबांच्या हातात कोंबली आणि भर सभागृहातून चालत गेले. जवळजवळ पळतच.

"हा नाच माझ्याबरोबर," मी म्हणाले.

"विचारतेयस की सांगतेयस?"

"सांगतेय. आणि ऐक… मला मोरागचा हेवा वाटतो. कर्स्टीचा वाटतो. कप्तानाच्या कुत्र्याचासुद्धा वाटतो, तो दिवसभर तुझ्याबरोबर असतो म्हणून. मला हे असं जळत बसायचा कंटाळा आलाय, इनिस. मला तू हवा आहेस."

वॉल्ट्झ सुरू झाला होता. तो हसेल असं वाटलं. हसला नाही. त्याचे कान मात्र तांबडे झाले होते.

"मी मघापासून आत्याबाईंना विचारत होतो," तो हळूच म्हणाला, "तुझ्याबरोबर तीनदा नाचला तो लांबड्या कोण म्हणून."

"तो? अरे, तो माझा चुलतभाऊ!"

"सांगितलं त्यांनी," इनिस म्हणाला आणि माझ्या कमरेला हात घालून मला जवळ ओढलं. "तरी मला तो अजिबात आवडलेला नाही."