तिसऱ्या खुर्चीवर मशीन अडली

ही बनवलेली गोष्ट न्हाई. माझ्यावर बेतलेली हाय. पटली तर ठेवा, न्हाई तर सोडून द्या.

मी वकार, नांदेडचा. होम थिएटर बसवतो.

जानेवारीतला रविवार. निलंगा. दुपारचे अडीच. भरदुपारी, बरं का!

भीमाशंकर शेठच्या घरी काम होतं. चार खुर्च्या, चार कोपऱ्यांत चार सबवूफर, म्हणजे धमक काढणारे स्पीकर. एकेका खुर्चीवर मशीनचा माईक ठेवायचा आणि बाहेर जायचं. मशीन सबवूफर वाजवून ऐकते, मग धमक सगळ्या खुर्च्यांवर सारखी करते. फक्त खोलीत चिटपाखरू नको.

पहिली खुर्ची झाली. दुसरी झाली.

तिसरीवर मशीन अडली, तिच्या पडद्यावर अक्षरं आली...

'खोलीत आवाज आहे. शांतता ठेवा.'

एसी बंद केला. दार लावलं. पुन्हा तेच.

माईक चौथीवर नेला, पास. तिसरीवर आणला... नापास.

मला शेठचाच संशय आला. माणूस दारातच घुटमळत होता, आत काही पाय टाकीना.

"वकार, ती खुर्ची सोडून दे की."

"का बुवा? सोडायची होती तर आणली कशाला?"

तोंड फिरवून शेठ बाहेर निघून गेले. मी माईकचा आवाज हेडफोनवर घेतला.

आधी काहीच न्हाई.

मग श्वास... संथ.

मग बांगड्या...

या अल्ला! मी हेडफोन ओढून काढला.

"बांगड्या ना?"

दचकून मागं पाहिलं. शेठची बायको, पुनम. लग्नाला सहाच महिने झालेले.

"वकारभाई, खरं सांगा. ह्यांची पहिली बायको चांगुणा ह्याच खोलीत राहायची. निघून गेली म्हणतात. कुठं, ते कुणीच सांगत न्हाई. मला रोज ऐकू येतंय. हे म्हणतात, मी येडी झाले. उद्या लातूरला येड्यांच्या डॉक्टरकडं नेणार हायत."

मी हेडफोन तिच्या हातात दिला.

तिनं ऐकलं आणि रडायलाच लागली. "म्हणजे मी येडी न्हाई!"

"वहिनी, इथं थांबू नका," मी म्हणलो. लई भ्यालो होतो, खोटं कशाला बोलू?

दहा मिनिटांत ती पिशवी घेऊन माझ्या गाडीत पुढं बसली. तिचं माहेर उमरीला. मशीन तिथंच सोडून मी निघालो.

अहमदपूरच्या पुढं शेठचा फोन आला. शिव्या खायच्या तयारीनं उचलला.

शेठ हसून राहिले होते...

"मशीन पुन्हा लावली रे. तिसरी खुर्ची एका दमात पास! खोली रिकामी झाली आता."

बायकोचं नावसुद्धा काढलं न्हाई.

मी आरशात मागची सीट पाहिली. वायरींचं बंडल, ड्रिल. बाकी कुणीच न्हाई.

पुनमला काही बोललो न्हाई. नांदेडला तिला उमरीच्या बसमध्ये बसवलं आणि घरी आलो.

दोन महिने झाले. तिचा नंबर हाय माझ्याकडं. 'अजून ऐकू येतंय का?' एवढंच विचारायचंय. हिंमत होत न्हाई.

ती 'न्हाई' म्हणली... तर चांगुणा माझ्या घरी उतरली म्हणायची.