बसवजयंतीचं पानक

महानंदा गेल्याचं कळलं ते बसवजयंतीच्या दुपारी.

जळकोटजवळच्या त्या गावात मिरवणूक मठापाशी पोचली होती. पुढे ‘उदगीर जिल्हा झालाच पाहिजे’ असा फलक. बंदोबस्तावरचे फौजदार अमृतराव प्रसादाचे फुटाणे खात उभे होते. दरवर्षी गुळाचं पानक असतं. यंदा पाणीच नव्हतं, म्हणून मठानं ते केलं नव्हतं. तेवढ्यात एक बाई “महानंदा विहिरीत पडली” असं ओरडत आली.

विहिरीच्या तळाला एका कडेला डबकं होतं. बाकी कोरडा खडक. महानंदा खडकावर पडली होती. वर काढली तेव्हा तिच्या पदराला मुंग्या लागल्या होत्या.

तिच्या भावानं, नागप्पानं, तिच्या नवऱ्याची गचांडी धरली.

“ऑपरेशन करून बारीक केलंस, तरी मन भरलं न्हाई व्हय रं? ढकललंस!”

“म्या शेतावर व्हतो, नागप्पा,” विरूपाक्ष एवढंच म्हणाला. शेतावर त्याला कुणी पाहिलं नव्हतं. अमृतरावांनी त्याला जीपमध्ये बसवलं.

मग ते महानंदाच्या घरी गेले. टँकर आला नव्हता. खरकट्या भांड्यांचा ढीग पडला होता. त्यात एकच गडवी, पाणी प्यायचा छोटा तांब्या, घासून लख्ख पालथी घातलेली.

महानंदाची थोरली जाऊ दानम्मा उंबऱ्यात बसली होती.

“शेवटी कुणी पाहिलं तिला?”

“म्याच. पाणी शेंदायला चल म्हणलं. म्या घागरी आणायला मागं फिरले, तवर ही पडली. उपाशी व्हती, चक्कर आली असंल.”

“सकाळपासून काहीच खाल्लं नव्हतं?”

“पाण्याचा घोट बी न्हाई.”

अमृतराव जीपपाशी परतले.

“तुझी बायको गोड खायची का?”

“न्हाई साहेब. संक्रांतीला तिळाचे दोन लाडू खाल्ले, अन् थोड्या येळानं अंगणात कोसळली. वैनीनंच उचलली. तवापासून शिवलं न्हाई.”

“कुणी आग्रह केला तर?”

“न्हाई. मठाचा प्रसाद तेवढा घ्यायची. प्रसाद नाकारायचा न्हाई, उरवायचा न्हाई. लई पाळायची.”

अमृतरावांनी तिचं ऑपरेशन केलेल्या लातूरच्या सर्जनला फोन लावला.

“वजन उतरवायच्या बायपासनंतर जठर अंड्याएवढं उरतं,” सर्जन म्हणाले. “गोड पाणी तिथं थांबत नाही, थेट आतड्यात उतरतं. आतड्यातली संप्रेरकं उसळतात, स्वादुपिंड भरमसाट इन्सुलिन सोडतं. आधी घाम, धडधड. मग तासा-दोन तासांत रक्तातली साखर कोसळते. माणूस उभ्याउभ्या शुद्ध हरपतो.”

“हे तिला माहीत होतं?”

“तिला आणि जावेला. दोघींना समोर बसवून सांगितलं होतं.”

अमृतराव पुन्हा उंबऱ्यापाशी आले. विरूपाक्ष आणि नागप्पाही मागे उभे राहिले.

“दानम्मा, पदराला मुंग्या कशा?”

ती म्हणाली, “इसरलेच. मठातलं पानक आणलं व्हतं. प्रसाद म्हणून घेतलं तिनं.”

“मठात मीच उभा होतो. यंदा पानक नव्हतं. सगळ्यांना कोरडे फुटाणे मिळाले. पानक तू या घरात केलंस. प्रसाद म्हटल्यावर ती नाही म्हणणार नाही, हे तुला ठाऊक होतं. घोट घोट करून तिनं गडवी संपवली, थोडं पदरावर सांडलं. तिला घाम फुटला, तू आडवं केलंस. नंतर गाव मिरवणुकीत असताना तिला विहिरीच्या काठावर उभं केलंस. ढकलायची गरजच नव्हती. मग ज्या घरात प्यायला पुरेसं पाणी नाही, तिथं तू तेवढी एक गडवी घासलीस.”

दानम्मा हसली.

“हत्तीण व्हती तवा वाकता येईना, म्हणून पाणी म्याच वढलं. काडी झाली तवा डाक्तरनं वजन उचलू नको म्हणून सांगितलं, मग बी म्याच. डोक्यावर घागरी माझ्या, अन् गाव म्हणतंय महानंदा लई देखणी झाली!”

“वैनी, प्रसाद म्हणून पाजलंस?” विरूपाक्ष खाली बसला.

“पाया बी पडली माझ्या,” दानम्मा म्हणाली. “पिण्याआधी.”

नागप्पानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. विरूपाक्षानं तो झटकला.

मेलेल्या माणसाच्या रक्तातली साखर पुरावा म्हणून भरवशाची नसते, असं सर्जननं कळवलं आहे. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. न्यायाधीशापुढं दानम्मानं अजून तोंड उघडलेलं नाही. विरूपाक्ष सुटला. गुन्हा सिद्ध व्हायचा राहिला आहे.