एर्सिलिया मरायला तयार नाही

एर्सिलियाने फिओरेन्झोला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो तिच्यावर बंदूक रोखून उभा होता. ओळख व्हायला प्रसंग काही वाईट नव्हता... दोघांनाही हलायची परवानगी नव्हती.

तुरिनमधला काचेचा स्टुडिओ, युद्धाचं दुसरं वर्ष. मूकपटात ती शत्रूची हेर. शेवटी भिंतीपाशी गोळ्या खाऊन मरायची. काडतुसं नुसती आवाजाची, पण बारा सैनिक खरे — बराकीतून उसने आणलेले; त्यांच्या कॅप्टनने पत्रात लिहून दिलं होतं, हेर मरेपर्यंत. ती मेली की सगळे थेट आघाडीवर.

"बाईसाहेब, असं बघू नका ना," फिओरेन्झो पुटपुटला. "नेम चुकतो."

"मग चुकू दे की!"

मरणारी बाई खुदकन हसली. फिल्म वाया गेली.

मग तिला आघाडीचं कळलं, आणि तिने मरायचं सोडूनच दिलं. बुधवारी ती शिंकली. गुरुवारी पडली, पण टोपी सावरत. शुक्रवारी गोळ्या लागल्यावर तिने वेळ विचारली. मधल्या सुट्टीत फिओरेन्झो तिला भाजलेले चेस्टनट सोलून द्यायचा — बोटं भाजायची, पण तक्रार नाही.

शनिवारी दिग्दर्शक गारील्यो हात जोडून उभे राहिले. "एर्सिलिया, हे शेवटचं रीळ. लोक रोज मरतायत बाई, तुलाच काय जड जातंय?"

"मर आता," फिओरेन्झो हळूच म्हणाला. "तुझं काम जाईल..."

"लग्नाआधीच मर म्हणतोस?"

"ल... लग्न?"

"फायर!" कॅप्टन ओरडला.

धूर झाला. धुरातून एर्सिलिया चालत आली, तिने फिओरेन्झोची बंदूक बाजूला सारली, त्याची कॉलर धरली आणि त्याचं चुंबन घेतलं — चांगलं लांबलचक. कॅमेरावाला हँडल फिरवतच राहिला. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

"ती मेलीय!" कॅप्टन किंचाळला. "पडायला सांगा तिला!"

"नाही पडत," एर्सिलिया म्हणाली.

"पुन्हा नेम धरा!"

उरलेल्या अकरा जणांनी बंदुका जमिनीवर ठेवल्या. एकाने तर टाळ्याही वाजवल्या.

रीळ संपलं. गारील्योंनी घाम पुसला, या दोघांकडे पाहिलं, आणि घसा खाकरला. "कॅप्टनसाहेब, नवी फिल्म यायला तीन आठवडे लागतील."

"आणि तोवर?"

"तोवर हेर जिवंत. तुमचंच पत्र आहे."

फिओरेन्झोचे कान लालभडक झाले होते. "तीनच आठवडे..." तो म्हणाला. "आणि मग?"

"मग नवी फिल्म येईल," एर्सिलिया त्याचा हात घट्ट धरत म्हणाली, "आणि मी तेव्हाही मरणार नाही."