तेरा मायक्रॉन

सिग्नलला एक तरुण वाकून माझ्याकडे बघतोय असं वाटलं, म्हणून मी कपाळाला आठ्या घातल्या. मग लक्षात आलं, त्याचे तर डोळेच मिटलेले होते. तो माझ्या गाडीचं इंजिन ऐकत होता.

"इंजिनातलं कॅमचं बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. "आधी बंद करा. ढकलत चला, माझं गॅरेज समोरच आहे."

"भंगारात चाललीये ही."

बाबांची तीस वर्षं जुनी मोटारसायकल. तीन मेकॅनिकांनी हात टेकले होते. तिला सोडायला यायचं बाबांच्या जिवावर आलं, म्हणून मला पाठवलं.

"भंगारात? ही?" त्याने टाकीवरून असा हात फिरवला की मला उगाच गाडीचा हेवा वाटला.

दोन दिवसांत देतो म्हणाला. दहाव्या दिवशी मी भांडायलाच गेले. इंजिन उघडं, नवं बेअरिंग डबीत जसंच्या तसं.

"तुमचा एक दिवस किती तासांचा असतो हो?"

तो खाली बघत म्हणाला, "जुन्या बेअरिंगमध्ये तेरा सुया होत्या, सुईसारखे बारीक रूळ. यात पंचवीस, एकमेकींना खेटून. भार वाटला जातो. पण बसवताना तिरकं गेलं तर केसिंग, म्हणजे इंजिनाचं कवच, तडकतं, आणि या गाडीचं केसिंग आता कुठे मिळत नाही. मी हे आधी कधी बसवलेलं नाही... तुमच्या बाबांच्या गाडीवर अंदाजपंचे कसं करू?"

त्याच्या मागे एक मोडकं केसिंग होतं. जुनं बेअरिंग घेऊन तो त्यात सराव करत होता. भिंतीवर पेन्सिलीच्या बावीस रेघा होत्या. पहिल्या पंधरांवर काट, तिरक्या गेलेल्या; शेवटच्या सात नुसत्या, सरळ बसलेल्या.

भांडण माझ्या घशातच विरघळलं.

"बेअरिंग गोठवून बघितलंत?" कॉलेजात शिकलेलं आठवून मी विचारलं. "तेरा मायक्रॉन आकसेल. केसाचा पाचवा हिस्सा."

"केसिंग तापवून रुंदावतो मी. फ्रीज कुठून आणू?"

"माझ्या घरी आहे."

संध्याकाळी आईने विचारलं, "फ्रीजरमध्ये मटारात हे काय ठेवलंयस?"

"बेअरिंग... गाडीचं."

"गाडीचं, मग लाजतेस कशाला?"

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या डब्यातून ते नेलं. तापलेल्या केसिंगवर पाण्याचा थेंब चुर्रकन उडाला. "द्या," तो म्हणाला. अक्षरं कोरलेली बाजू वर ठेवून त्याने दाब दिला... सरळ, संथ. मी श्वास रोखून धरला होता. टक्.

करंगळी आत घालून त्याने सुया फिरवल्या आणि पुन्हा डोळे मिटले. ऐकताना इतकं देखणं दिसणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

इंजिन पुन्हा जोडून गाडी सुरू झाली, तेव्हा मी म्हणाले, "आता इकडे यायला मला कारण उरलं नाही."

तो फडक्याने हात पुसू लागला. "पाचशे किलोमीटरला ऑइल बदलायला आणावी लागेल."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर... वर्षानुवर्षं काही होणार नाही. जरा वाईटच बसवायला हवं होतं."

पाचव्या दिवशी मी गॅरेजसमोर गाडी थांबवली. त्याने मीटर बघून मनात वजाबाकी केली, आणि 'तुम्ही' म्हणायचं विसरलाच.

"पाचशे दोन? एवढी कुठे हिंडलीस?"

"याच रस्त्याला चकरा मारल्या. शेवटी बाबा म्हणाले, पोरी, नक्की जायचंय तरी कुठे?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, बसा मागे, दाखवते."

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. मागच्या सीटवरून उतरून बाबांनी टाकीवर हात ठेवला होता.